खिल्लारेबाई आणि पायातली गाठ

कुरुंद्याच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी मुख्याध्यापिका खिल्लारेबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "मास्तरीण काहून झालीस?"

मी ठरावीक उत्तर दिलं. मुलांची आवड आहे, वगैरे. 

"खरं सांग."

मग मी खरं सांगितलं. घरचे दुसरं काही शिकू देत नव्हते, डी.एड.ला पाठवायला तयार झाले, म्हणून.

"हं," त्या म्हणाल्या. "चौथीचा वर्ग तुझा. जा."

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता आणि आमच्या शाळेच्या फलकावर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. बाई उंच होत्या, रुंद हाडाच्या. कडक इस्तरीची सुती साडी, खांद्याला पिन, आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. वर्गात त्या कधी बसल्या नाहीत. पोरानं बरोबर उत्तर दिलं की शाबासकी मिळायची नाही, पुढचा प्रश्न मिळायचा, "काहून?" पोरं त्यांना मागून काहूनबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका पोरीला विचारलं, समुद्राचं पाणी कसं असतं? पोरगी म्हणाली, खारट. साहेब पुढं सरकणार तोच बाई म्हणाल्या, "काहून?" पोरगी बोट चावू लागली. साहेबांनी हसून बाईंनाच विचारलं, "तुम्हीच सांगा." बाई म्हणाल्या, "मलाबी पुरतं ठाऊक न्हाई, साहेब. म्हणून तर इचारून राहिले."

नवरा लवकर वारलेला. एकुलता एक मुलगा मिलिंद पुण्यात नोकरीला. बाई एकट्या राहत, माझं घर समोरच्या गल्लीत. त्यांच्या भिंतीला भिंत लावून जुबेदाबींचं घर होतं. जुबेदाबींच्या मालकांचा हळदीचा व्यापार. दोघी बायकांचं दिवसभर भिंतीवरून बोलणं चाले, एकमेकींचं तोंडही न बघता.

बाईंचे गुडघे गेलेत हे शाळेत कुणाला कळू नये, असा त्यांचा खटाटोप होता. एकदा सुट्टीनंतर मी विसरलेली पिशवी घ्यायला परत आले, तर बाई शाळेच्या पायऱ्या उलट्या उतरत होत्या. पाठ अंगणाकडे, हात कठड्याला. मला पाहिलं तशा थांबल्या. मी पिशवी घेतली आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या मला "शोभाबाई" ऐवजी "शोभा" म्हणू लागल्या.

दर रविवारी द्वारकामाय त्यांचे गुडघे चोळायला येई. गावात कुणाचा हात निखळला, कंबर धरली, बाळंतिणीला शेकायचं असलं की द्वारकामाय. तिच्या बोटांत जोर होता आणि तोंडात सगळ्या गावाच्या बातम्या. बाई तिच्यापुढं डोळे मिटून पडत. तेवढा एक तास त्या कुणाला काही विचारत नसत.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही गुडघे झिजलेत, बदलावे लागतील. बाईंनी ते वर्षभर लांबवलं. आम्हाला वाटलं, कापाकापीला घाबरल्या असतील. शेवटी परीक्षा आटोपल्या, निकाल लागला आणि त्या म्हणाल्या, "शोभा, चल माझ्याबरोबर. मिलिंदच्या बायकोचे दिवस भरलेत, त्याला आता बोलवत न्हाई."

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी प्लास्टिकचा गुडघा हातात धरून सगळं समजावलं. डावा आधी करू, उजवा नंतर. मग म्हणाले, "काही शंका?"

बाई म्हणाल्या, "पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून तुमी काय करता?"

डॉक्टरांनी गुडघा टेबलावर ठेवला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तवा सांगनारं कुनी न्हवतं. म्हणून आता इचारते."

डॉक्टरांनी मग खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, अशा ऑपरेशननंतर पाय हलत नाही, रक्त मंदावतं, आणि जखम झाली की शरीर तसंही रक्त घट्ट करायच्या मागं लागतं. पोटरीच्या आतल्या शिरेत ते गोठून त्याची गाठ होते. गाठ तिथंच राहिली तर पाय सुजतो. सुटून वर गेली तर फुप्फुसात जाऊन अडकते. "मग वेळ मिळत नाही," ते म्हणाले. "म्हणून आम्ही रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन देतो, रोज, पोटाच्या कातडीत. आणि दुसऱ्याच दिवशी उभं करतो. झोपून राहायचं नाही."

"धा वर्सांमागंबी असंच देत होते का?"

"सगळीकडे नव्हते देत, बाई. आता देतात."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "माझी आक्का त्यानं गेली," एवढंच म्हणाल्या. पुढं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण तोंडातून आवाज निघाला नाही. इंजेक्शनची वेळ झाली की मात्र त्या भिंतीकडे तोंड करत. शाळेत लस टोचताना पोरांचे दंड धरून उभ्या राहणाऱ्या बाई सुईला भितात, हे मला तिथं कळलं. त्यांनी ते लपवलंही नाही. "टोच गं," त्या नर्सला म्हणत, "मी बघत न्हाई."

पुढं एका सकाळी पट्टी लाल झाली. दुपारपर्यंत दुसरी पट्टीही भिजली. गुडघा फुग्यासारखा तट्ट. डॉक्टर आले, पाहिलं आणि म्हणाले, "इंजेक्शन थांबवू या. एक-दोन दिवस."

बाई उठूनच बसल्या. "थांबवू नका."

"बाई, आत रक्त साचतंय. साचलेल्या रक्तात पू झाला तर नवा गुडघा काढावा लागेल. पाय जाईल."

"आन् गाठ झाली तर जीव जाईल."

"हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही, हे मला आवडलं. "एका अंगाला रक्तस्राव, दुसऱ्या अंगाला गाठ. आपण मधल्या बांधावरून चाललोय. आज तोल या बाजूला जातोय, म्हणून दुसऱ्या बाजूला झुकायचं. रक्त थांबलं की लगेच सुरू करतो. तोवर तुमच्या हातात एकच आहे, पंजा हलवत राहा. वर, खाली. पोटरी दाबली जाते, रक्त पुढं ढकललं जातं."

इंजेक्शन बंद होतं तोवर बाईंचा पंजा थांबला नाही. जेवताना चालू, बोलताना चालू. मी शेजारच्या बाकावर पडून पाहायची, त्यांचा डोळा लागला तरी चादरीखाली पाऊल हलत असे, वर, खाली. मध्येच हलणं थांबलं की मी उठून त्यांच्या श्वासाकडं पाहायची. मग पाऊल पुन्हा हले आणि मी आडवी होई. तिसऱ्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. बाईंनी त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं नाही.

घरी सोडताना उरलेली इंजेक्शनं बरोबर दिली. उन्हाळा तापलेला, दिवसातून चार वेळा लाईट जाई, आणि ती थंड ठेवायची होती. जुबेदाबींकडे फ्रीज होता. रोज संध्याकाळी भिंतीवरून आवाज येई, "बाई, तुम्हारी सुई देऊ का?" आणि त्यांची नात वाटीत घालून घेऊन येई. बाई पोटाची कातडी चिमटीत धरून स्वतःच टोचून घेत. पोटावर निळे-जांभळे डाग पडले होते. एवढं सगळं बरोबर करूनही ते झालंच.

रविवार होता. मी सकाळी गेले तर मिलिंद आलेला. मुलगी झाली होती, पेढे घेऊन तो रातोरात निघाला होता. घरात आनंदाचं वातावरण. बाई खाटेवर बसलेल्या आणि त्यांचं लक्ष पेढ्यांकडे नव्हतं. त्या आपल्या दोन्ही पोटऱ्या पाहत होत्या.

"शोभा, हिकडं ये. ह्या दोन्ही सारख्या हायेत का?"

नव्हत्या. डावी पोटरी जाड दिसत होती, कातडी ताणून चकाकत होती.

"ऑपरेशनचा पाय आहे, आई," मिलिंद म्हणाला. "सूज असणारच."

"गुडघ्याची सूज उतरून राहिली होती. ही खालून चढली. काल न्हवती. आन् गरम हाय."

"उद्या सोमवारी जाऊ. आज रविवारी कोण भेटणार?"

तेवढ्यात द्वारकामाय आली. नातीची बातमी गल्लीत पसरली होती आणि तिचा वारही होता. तिनं एका नजरेत पाय पाहिला. "हे काय वं, केवढा सुजला! वात भरला. एवढे दिवस हात न्हाई लागला पायाला, म्हणून. तेल गरम करते, घटकाभरात उतरवते." आणि ती पदर खोचून खाटेशी बसलीसुद्धा.

"हात लावू नको," बाई म्हणाल्या.

द्वारकामाय हसली. तिला वाटलं गंमत. तिनं हात पुढं केला.

"द्वारका, हात लावू नको म्हणले ना."

तो आवाज शाळेत कुणी ऐकला नसेल. मोठा नव्हता. द्वारकामायचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा हळूहळू पडला. "एवढी वर्सं माझा हात चालला," ती म्हणाली. "आता नांदेडच्या डागदरचा गुडघा बसला, तर माझ्या हाताची घाण वाटून राहिली का?"

मिलिंद मध्ये पडला. "आई, चोळू दे की जरा. आराम पडेल."

बाईंनी दोन्ही हातांनी आपली मांडी धरून ठेवली होती, कुणी पाय ओढून नेईल अशी.

"बस हितं," त्या द्वारकामायला म्हणाल्या. "खाली नको. खाटेवर, माझ्याजवळ बस. ऐक. कळमनुरीची माझी आक्का. न्हाणीत घसरून खुबा मोडला. खुब्याचा गोळा बदलला, घरी आणली. तवा आमाला वाटायचं, आराम द्यावा. उठूच दिली न्हाई तिला. बसल्या जागी जेवण, बसल्या जागी सगळं. लई माया केली आमी. मग पाय सुजला, असाच, एकच. ती म्हणली, सुलू, लई ठणकून राहिला गं, चोळ जरा. मी तिळाचं तेल घेतलं आन् बसले. दुपारभर चोळला. सूज उतरंना, म्हणून अजून जोरात चोळला. तिला झोप लागली तवा मला केवढं बरं वाटलं." त्या थांबल्या. "सकाळी ती तोंड धुवायला उठली. मला म्हणली, दम लागून राहिला. मी म्हणले, बस. ती बसली न्हाई. तिथंच पडली. मी पाणी आणूस्तोवर संपली."

मिलिंदला हे माहीत नव्हतं. मावशी हार्टफेलनं गेली, एवढंच त्याला सांगितलेलं.

"वर्सानं एका डॉक्टरनं सांगितलं, पायातली गाठ सुटून छातीत गेली आसंल. सुजल्या पायाला चोळू नये म्हणला. आता तू सांग, तुला हात लावू देऊ का? उद्या मी मेले तर तुझे हात तू कुठं ठेवशील, द्वारका? मी माझे कुठं ठेवले, माझं मला ठाऊक."

द्वारकामाय उठली. डोळ्याला पदर लावला आणि निघून गेली. मिलिंद जीप पाहायला बाहेर पळाला.

जीपच्या मागच्या बाकावर बाईंना पाय लांब करून झोपवलं. डोकं माझ्या मांडीवर. गाठ सुटू नये म्हणून पंजा हलवणं त्यांनी आता स्वतःच थांबवलं होतं. पाय लाकडासारखा ठेवला होता. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत. मिलिंद ड्रायव्हरला म्हणे, जोरात घे. बाई म्हणत, हळू घे. बिचारा कुणाचं ऐकणार?

"शोभा, माझा दम बघत राहा."

"तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला तर भेवानंच दम लागून राहिला. खरा कोणता, खोटा कोणता, कळंना गेलं."

वसमतजवळ रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी येणार होती. इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला. मिलिंद खाली उतरून फाटकवाल्याच्या हातापाया पडत होता. फाटकवाला तरी काय करणार? ऊन जीपच्या टपावर बसलं होतं. बाई डोळे मिटून होत्या. "आक्काला एवढाबी टाइम न्हाई भेटला," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले. गाडी आली, डबे सरता सरेनात. फाटक उघडलं तेव्हा मिलिंद रडत होता आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

नांदेडला डॉक्टर घरून धावत आले. सोनोग्राफीच्या खोलीत त्यांनी मला आत राहू दिलं. यंत्राचा दांडा पोटरीवर दाबत ते वर वर सरकत होते. शीर निरोगी असली की दाबल्यावर मिटते, त्यांनी सांगितलं. पडद्यावरचा काळा गोल मिटत नव्हता. पोटरीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत मिटत नव्हता. त्याच्या वर मिटला. डॉक्टरांनी श्वास सोडला.

"गाठ आहे. वर गेलेली नाही. कुणी पाय चोळला का?"

"चोळू न्हाई दिला."

"बरं केलंत."

बाईंनी विचारलं, "सुई बंद होती, तवा झाली का ही?"

डॉक्टर म्हणाले, "असेल. नसेलही. एकही सुई न चुकवता काहींना होते. ती बंद केली नसती तर गुडघा गेला असता. मला तेव्हा जे दिसलं त्यावर मी ठरवलं."

"बरोबर ठरवलं," बाई म्हणाल्या. मग छताकडे पाहत, "डॉक्टर, मी माझ्या बहिणीचा पाय चोळला होता. त्यानंच गेली का ती?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, बाई. न चोळताही गाठ सुटते."

त्यांनी मान हलवली. पण ते उत्तर त्यांनी घेतलं नाही, हे मला दिसत होतं.

जास्त ताकदीची इंजेक्शनं झाली, मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, कितीतरी महिने. रक्त तपासायला नांदेडच्या खेपा. कधी गोळी अर्धी वाढे, कधी अर्धी उतरे. पालेभाजीनं गोळीचा जोर बदलतो, म्हणून ती एक दिवस ढीगभर, एक दिवस काहीच नाही, असं चालत नव्हतं, रोज सारखी खायची. एकदा दुसरा गुडघा ठणकला तेव्हा गावातल्या मेडिकलवाल्यानं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं, दुखीच्या गोळ्या काढून दिल्या. बाई म्हणाल्या, "रक्त पातळ करायच्या गोळीवर ह्या चालत्यात?" तो म्हणाला, सगळेच घेतात, बाई. "चालत्यात काहून, ते सांग." त्यानं डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि गोळ्या परत बरणीत टाकल्या. पोटात रक्तस्राव झाला असता. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं तरी बाई मला हाक मारून दाखवत. आधी तोंड उघडत, मग "भ्याले" म्हणत.

द्वारकामाय मात्र येईना. रस्त्यात दिसली तरी बाजूनं जाई. बाईंनी निरोप पाठवले, ती आली नाही. पावसाळा सरता सरता एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"सुताराची सून," ती म्हणाली. "सव्वा म्हैन्याची बाळंतीण. मला चोळायला बलिवलं. एकच पाय सुजलाय, गरम हाय. मी हात न्हाई लावला. घरचे म्हणून राहिले, एवढी जुनी तू, तुला येत न्हाई का? मी म्हणले, आधी बाईला इचारून येते."

बाई वॉकरशिवाय उठल्या. त्यांना मी एवढ्या घाईत कधी पाहिलं नव्हतं. दोघी सुताराच्या घरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण संध्याकाळच्या आत पोरगी नांदेडला पोचली होती. गाठच निघाली. वाचली. त्या रविवारपासून द्वारकामाय पुन्हा येऊ लागली. आता ती बाईंचा पाय चोळत नसे, चहा प्यायला येई आणि गावाच्या बातम्या सांगे.

उजवा गुडघा बाईंनी निवृत्त झाल्यावर बदलून घेतला. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. मिलिंद तर भांडला. बाईंनी ऐकलं नाही. त्या वेळी डॉक्टरांनी आधीपासून काळजी घेतली, औषध जास्त दिवस चालवलं, आणि काहीही झालं नाही. बाई गावभर सरळ चालू लागल्या.

मग माझी बदली कनेरगाव नाक्याच्या शाळेत झाली. निघायच्या दिवशी बाईंकडे गेले तर दार उघडं, घर रिकामं. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. जुबेदाबींचा खुबा त्याच महिन्यात बदलला होता. घरचे त्यांना खाटेवरून उतरू देत नव्हते, गाद्यांच्या ढिगात ठेवलं होतं. मी जुबेदाबींच्या दारातून आत पाहिलं.

बाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. हाताचा उलटा पंजा जुबेदाबींच्या पोटरीला टेकवलेला, मग दुसऱ्या पोटरीला, मग पुन्हा पहिल्या. दाबत नव्हत्या, चोळत नव्हत्या. नुसता टेकवून थांबत होत्या, डोळे मिटून. जुबेदाबी त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि सून, नात, मालक, सगळे श्वास धरून उभे होते.

"दोन्ही सारख्याच हायेत," बाई म्हणाल्या. "उठा आता."

"बहुत तकलीफ होती, बाई."

"व्हणारच. उठा."

जुबेदाबींनी वॉकर धरला. बाईंनी पाठीमागून त्यांच्या कमरेला हात लावला आणि दोघी अंगणात आल्या, एकेक पाऊल. उन्हात वाळत घातलेल्या चादरींच्या मधून वाट काढत त्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या. तिथं वळताना बाईंनी मला पाहिलं.

"शोभा, बस निघंल तुझी. जा," त्या म्हणाल्या, आणि परत जुबेदाबींच्या पावलांकडे पाहू लागल्या.